टेकू कुठे ठेवायचा?

मुलाच्या हातात लांब काठी आली की ती आधी तलवार होते, मग घोडा होते, आणि वाटेत एखादा धोंडा आडवा आला की पहार होते. धोंड्याखाली टोक खुपसायचं, मध्ये वीट सरकवायची आणि दुसऱ्या टोकावर अंग टाकायचं. धोंडा हलतो. मूल इकडंतिकडं बघतं. आपल्याहून जड काहीतरी आपल्याच्यानं हललं, हे कुणीतरी पाहायला हवं असतं.

पुढे शाळेत तरफेचा धडा येतो. टेकू मध्ये असेल तर कात्री, भार मध्ये असेल तर अडकित्ता, बल मध्ये असेल तर चिमटा. तिन्ही प्रकार पाठ होतात, पेपरात उतरतात आणि निकालानंतर पुसले जातात. घरातली आजी मात्र कडक सुपारी अडकित्त्याच्या बिजागरीशी नेऊन ठेवते, टोकाशी नाही. तिला तरफेचा प्रकार कुणी विचारलेला नसतो. तिच्या बोटांना तो ठाऊक असतो.

बोटांना जे कळतं, त्यात एक व्यवहार दडलेला आहे. वीट धोंड्याच्या जवळ सरकवली की जोर कमी लागतो. पण काठीचं आपल्याकडचं टोक हातभर खाली जातं तेव्हा धोंडा जेमतेम बोटभर उचलला जातो. साधं यंत्र म्हणजे चोख हिशेबाचा वाणी: जोरात सूट देतो आणि ती अंतरात वसूल करतो. एक मीटर उंच ट्रकमध्ये पिंप चढवायला तीन मीटरची फळी लावा. घर्षण सोडलं तर जोर एक तृतीयांश, वाट मात्र तिप्पट. ओझ्याबरोबर वर सरकणारी कप्पी लावली तर ओढ निम्मी होते, दोर दुप्पट ओढावा लागतो.

उभं राहायला जागा द्या, पृथ्वी हलवून दाखवतो, असं आर्किमिडीज म्हणाल्याचं सांगतात. त्याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. साठ किलोच्या माणसानं केवळ आपल्या वजनाच्या भारानं पृथ्वीएवढं वस्तुमान एक सेंटीमीटर उचलायचं, तर तरफेचं त्याच्याकडचं टोक सुमारे एक लाख प्रकाशवर्षं खाली जायला हवं. म्हणजे जवळजवळ आपल्या आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! विटेशी झटलेल्या मुलाला हा आकडा ऐकून हसू येतं. नुसती व्याख्या पाठ केलेलं मूल तो वहीत उतरवून घेतं.

हे ओळखलेली माणसं आपल्याकडे झाली. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांमधून प्रयोगांनी विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुढे त्या कामात गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच भांडवलावर त्यांनी मुलांच्या हाती भूमिती दिली: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ठाम उभा राहतो. नंतर पुण्याच्या आयुकामध्ये ते टाकाऊतून खेळणी घडवत राहिले. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं तर शिकणं आणि गावाच्या उपयोगाचं काम करणं वेगळं ठेवलंच नाही.

आज बाजारात चकचकीत खोकी मिळतात. भोकं आधीच पाडलेली, स्क्रू मोजून दिलेले, सोबत चित्रांचं पुस्तक. चित्राबरहुकूम जोडलं की क्रेन तयार होते, कपाटावर जाऊन बसते. त्यात वाईट काही नाही. पण भोक कुठे पाडायचं हा प्रश्न कारखान्यातच सुटलेला असतो, आणि शोध तर त्या प्रश्नातच होता. रिकामं रीळ, सायकलचा तुटका स्पोक, सुतळी आणि पाण्याची बाटली एवढं दिलं, नि ‘ही बाटली खिडकीपर्यंत चढव’ म्हटलं, तर पहिला दोर निसटतो, दुसरा रिळावरून घसरतो, आणि कधीतरी कुणाला तरी रिळाच्या दोन्ही कडा उंच करायचं सुचतं. ते सुचणं विकत मिळत नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एकच मागणं: काठी द्या, वीट द्या, धोंडाही दाखवा. टेकू कुठे ठेवायचा, तेवढं मात्र सांगू नका.