मचाण कुठल्या तोंडाचं बांधावं

अंबरनाथ (पूर्व)
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईला वाचून दाखवलेलं नाही, काळजी करू नकोस. विस्कॉन्सिनात तुझ्या ऑफिसातली मंडळी नोव्हेंबरात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीला जातात, यंदा तुलाही त्यांनी कॅम्पला बोलावलंय. त्याआधी सुट्टीच्या दिवशी झाडांवर बैठका बांधायला, केबिन झाडायला, लाकडं फोडायला चल म्हणतात. तू विचारतोस, जावं का? आणि गेलो तर मी तिथे कोणत्या कामाचा? पहिला प्रश्न जरा बाजूला ठेवू. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण झाडावर बसून जनावराची वाट पाहणं हा तुझ्या मामाचा जुना उद्योग. फक्त माझ्या हातात पेन्सिल असते. नोकरीची सगळी वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या पितळेशेजारी काढली, पण बंदूक खांद्याला लावायची वेळ काही आली नाही.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला मी तानसा अभयारण्यात जातो हे तुला माहीत आहे. अंबरनाथहून कल्याण, तिथून कसारा लोकलने आटगाव, पुढे वनखात्याची गाडी. उन्हाळ्यात ओढे आटतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, आणि चांदणं असं असतं की टॉर्चची गरज पडत नाही. दुपारी चढायचं, सकाळी उतरायचं, मधल्या वेळात पाण्यावर काय काय आलं ते वेळेसकट लिहायचं. पूर्वी याला प्रगणना म्हणत. आता खातं ‘निसर्गानुभव’ म्हणतं, आणि ते जास्त प्रामाणिक आहे. एकच भेकर रात्रीत दोन पाणवठ्यांवर गेलं की ते दोनदा लिहिलं जातं, त्यामुळे जंगलात जनावरं किती हे यातून कळत नाही. त्यासाठी कॅमेरे लावतात. मचाणावरच्या माणसाला एवढंच कळतं की गप्प बसणं किती अवघड असतं.

हे मचाण आपल्याकडे शिकारीसाठीच आलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही काही जनावरांना परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. बंदूक गेली, मचाण राहिलं, आणि त्याचे सगळे नियमही जसेच्या तसे राहिले. म्हणून सांगतो, तिथे तू अगदी परका नसशील.

सगळ्यात आधी वारा. बैठक कुठे बांधायची हे झाडाच्या जाडीवर किंवा तुमच्या सोयीवर ठरत नाही. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा, आपल्याकडून जनावराकडे गेला की संपलं. हे पुस्तकातही सापडेल. पण वारा दिवसभर एकाच बाजूने वाहत नाही, हे मला तानशाच्या एका वनमजुराने शिकवलं. मे महिन्यात दुपारी समुद्राकडून, पश्चिमेकडून वारा येतो. अंधार पडला की तो मरतो, आणि रात्र चढली की थंड झालेली हवा डोंगरउतारावरून ओढ्यात सरकायला लागते. दुपारच्या वाऱ्यावर विसंबून मचाण बांधलं की रात्री दहानंतर तुमचा वास थेट पाण्यावर. तो माणूस चिमूटभर राख हातातून सोडून बघायचा, तेही दुपारी नाही, दिवेलागणीनंतर. तुझ्याकडेही उतार असेल तिथे हेच होणार. सकाळी ऊन पडलं की हवा वर चढते, संध्याकाळी खाली येते. सकाळची बैठक आणि संध्याकाळची बैठक वेगळी का, हे तुझ्या त्या लोकांना विचार, खूष होतील.

दुसरा प्रश्न उजेडाचा, आणि तो आमचा खास आहे, कारण तुमच्याकडे रात्री हरणांच्या शिकारीला बंदी. वैशाखी पौर्णिमेचा चंद्र डोक्यावरून जात नाही, दक्षिणेकडे कलून जातो. म्हणून मचाण पाण्याच्या दक्षिणेला, तोंड उत्तरेला. चंद्र आपल्या पाठीशी, उजेड जनावरावर, आपण फांद्यांच्या सावलीत. पाठीमागे जाड खोड हवंच, नाहीतर आकाशावर माणसाची आकृती उमटते आणि भेकर ती बरोबर टिपतं. मग ते कुत्र्यासारखं भुंकायला लागतं आणि आसपासच्या पाणवठ्यांवरचे सगळे सावध होतात. तुमचं हरीण भुंकत नाही, शेपटी वर करतं आणि पांढरा झेंडा दाखवत पळतं. वारा आणि चंद्र यांचं जमत नसेल तेव्हा काय करायचं? वाऱ्याचं ऐकायचं. उजेडात दिसलेल्या माणसाला जनावर कधीकधी खोड समजतं, वास आलेल्या माणसाला कधीच नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. आमच्याकडे मचाण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बांधलं तर ताजी कापलेली फांदी, पिळलेली दोरी, माणसांच्या पायवाटा, हे सगळं जनावर वाचतं. बरेच दिवस आधी बांधलं की ते झाडाचाच भाग होतं. बांबू आणि बल्ल्या, काथ्याचे आळे, वर सागाच्या पानांचा आडोसा. खिळा शक्यतो नाही, झाडासाठी नाही आणि आवाजासाठीही नाही. वजन टाकलं की करकरणारी बल्ली दुपारीच शोधून काढायची आणि तिथे गोणपाट घालायचं. तुमच्याकडे लोखंडी शिडीच्या तयार बैठका मिळतात असं तू लिहिलंस. त्यांचे नटबोल्ट, पट्टे, साखळ्या तू स्वतः तपास. इंजिनिअर आहेस, एवढं तरी उपयोगी पड. अमेरिकेत शिकारी बंदुकीपेक्षा झाडावरून पडून जास्त जायबंदी होतात अशी चर्चा मी वाचतो, आणि मला त्यात नवल वाटत नाही. जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत सुरक्षापट्टा बांधलेला हवा, बसल्यावर नव्हे. बंदूक हातात घेऊन कुणी चढत नाही; ती रिकामी करून, दोरीने मागाहून वर ओढायची. कॅम्पातला कुणी हसला तर हसू दे.

आता सामान. कपड्यांसाठी मी उल्हासनगरला जातो. तुझ्या लहानपणी ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद करत तुझी आई तुला जिथून जीन्स आणायची, तिथेच. मेंदी किंवा मातकट रंगाची, सळसळ न करणारी सुती पँट. नवी असेल तर दोनदा धुवायची, पण नीळ नाही, कपडे पांढरेशुभ्र करणारी पावडर तर मुळीच नाही. हरणांना आपल्यासारखा लाल-केशरी रंग वेगळा ओळखता येत नाही, निळ्याकडची बाजू मात्र चांगली दिसते, आणि त्या पावडरमधल्या चकाकीने कपडा त्यांच्या डोळ्यांना उजळतो. म्हणूनच तुमच्याकडे अंगावर भडक केशरी घालायची सक्ती चालून जाते. शिकाऱ्याला शिकारी दिसतो, हरणाला दिसत नाही. आता गुलाबीही चालतो म्हणे. ताईला हे ऐकून बरं वाटेल.

खाण्याचं आमचं तंत्र पक्कं आहे. दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळं नाही (वास), लसणाची चटणी नाही (आणखी वास), आणि प्लॅस्टिकची पिशवी तर मचाणावर चढवायचीच नाही. शांत रात्री वेफर्सच्या पाकिटाचा आवाज केवढा होतो हे ज्याने ऐकलं त्यालाच माहीत. सगळं जुन्या पंच्यात बांधायचं. स्टीलच्या बाटलीला मोजा चढवायचा. खोकल्यासाठी खडीसाखर खिशात. डास पळवायचं मलम लावून आलेल्या एका गृहस्थाशेजारी मी एक पौर्णिमा काढली आहे. आम्हाला पाण्यावर फक्त बेडूक भेटले. बाकी मोबाइल बंद, टॉर्चला लाल जिलेटीन कागद, रात्री उतरावंच लागलं तर काठी आपटत, कारण फुरसं वाट सोडत नाही.

तुमच्या केबिनबद्दल मी काय सांगणार? धुराडं साफ आहे का बघा, उंदरांनी गाद्या पोखरल्यात का बघा, एवढं कुठल्याही बंद घराबद्दल सांगता येतं. आमचा कॅम्प म्हणजे वनखात्याची चौकी, अंगणात सतरंजी आणि मोठ्या पातेल्यातली खिचडी. पण रात्रीच्या आधी आणि नंतर तिथे जे बोलणं होतं त्यासाठीही मी जातो. तिथेच कुणीतरी २०१४ ची गोष्ट पुन्हा सांगतो. त्या वर्षी तानशात रानपिंगळा दिसला. शंभराहून जास्त वर्षं नाहीसा झाला असं मानलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला होता, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाकाठच्या जंगलात तो असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कितीदा ऐकलं तरी पुन्हा ऐकावंसं वाटतं.

आता तुझा पहिला प्रश्न. ताई म्हणेल, हरीण मारायला जातोस? मी तसं म्हणणार नाही. मुरूडजवळचं फणसाड आज अभयारण्य आहे ते का उरलं? जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं म्हणून. दाजीपूरचंही तसंच, कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलं, आणि १९५८ मध्ये ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. राखण स्वतःच्या बंदुकीसाठी होती हे खरं, पण रान राहिलं. तुमच्याकडे १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीने पांढऱ्या शेपटीची हरणं सगळ्या देशात मिळून सुमारे पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि तो पैसा देणाऱ्यांत शिकारीही आहेत. लांडगे बहुतेक ठिकाणांहून गेल्यावर हरणांचा आकडा आवरायचं काम पुष्कळसं माणसावरच पडलंय.

आपल्याकडे हे काम बिबट्याचं आहे, आणि तो ते करतो, अधूनमधून पत्ता चुकून उल्हासनगरच्या वस्तीतही येतो. इथे परवाने वाटून शिकार सुरू करावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. भेकरं उरलीच आहेत किती? पण आपण बंदूक खाली ठेवली म्हणजे आपले हात स्वच्छ झाले, हे मला पटत नाही. बदलापूरच्या पुढे ज्या टेकड्यांवर मी तरुणपणी भेकराची खुरं पाहिली, तिथे आज ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी पाटी लावलेल्या इमारती आहेत. एकही गोळी न झाडता तिथलं सगळं रान साफ झालं. तुझ्या त्या मित्रांना निदान आपल्या चाळीस एकरांतली प्रत्येक पायवाट माहीत आहे, ओकची फळं कुठे पडतात आणि नर कुठे शिंगं घासतात हे माहीत आहे. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला तरी वाटत नाही.

तेव्हा जा. बैठका बांधायला नक्की जा, पट्टे आवळ, वाऱ्याची राख सोडून बघ. नोव्हेंबरात बंदूक घ्यायची की नुसतं बसायचं ते तू तिथे वर गेल्यावर ठरव. इथून मी ठरवणार नाही. घ्यायचीच असेल तर कायद्याने घे. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनात शिकारी-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, नवख्याला अनुभवी माणसाच्या हाताखाली जायची सोयही आहे, सगळी माहिती काढ. आणि मांस कुणी घरी दिलं तर आधी एक विचार. त्या राज्यात २००२ पासून हरणांमध्ये मेंदू झिजवणारा एक रोग सापडतो आहे, सीडब्ल्यूडी म्हणतात. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेलं मांस खाऊ नये असाच सल्ला देतात. हरणाचं डोकं तपासणीला देता येतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहू दे.

ताईला मी सांगतो की तू सुट्टीत जंगलात सुतारकाम करायला चालला आहेस. यात खोटं काही नाही. बैठक बांधून झाली की तिचा फोटो पाठव, पण वरून नको. हरीण जिथून येईल तिथे खाली गुडघ्यांवर बसून काढ, म्हणजे कोणती फांदी ठेवायला हवी होती ते मला इथून सांगता येईल.

तुझा,
मामा