जमीन घेण्यापूर्वी पाणी पाहावे

निवृत्तीनंतर चार खोल्यांचे स्वतःचे घर असावे, पुढे अंगण आणि मागे विहीर असावी, ही आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थाची जुनी आकांक्षा आहे. गोव्यात ती पुरी करणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील जमिनीकडे चहूबाजूंनी दृष्टी वळली. ज्या सड्यावर काल गुरे चरत होती, तेथे आज चुन्याने आखलेले भूखंड दिसतात.

आमचे एक स्नेही, आयुष्यभर शिक्षकी पेशात राहिलेले गृहस्थ, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येताच अशाच जागेच्या शोधात निघाले. तीन जागा त्यांच्यासमोर होत्या: एक सड्यावर, दुसरी डोंगराच्या उतारावर आणि तिसरी शापोरा नदीच्या अंगाला, रस्त्यालगत. भाव, रस्ता, वीज, बाजार यांची चौकशी त्यांनी काटेकोरपणे केली होती. मात्र पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहिले नव्हते. ते पाहण्यासाठी भाद्रपदाच्या अखेरीस, पाऊस ओसरू लागला असता, आम्ही त्यांच्यासमवेत निघालो. गावातील एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी वाट दाखविण्याचे कबूल केले होते.

पेडणे तालुक्याची रचना प्रथम ध्यानी घ्यावी. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाचे उंच सपाट सडे. सड्यावरून खाली उतरू लागले की आधी झाडीचा उतार लागतो, उताराच्या पायथ्याशी घरे व माडा-पोफळींची कुळागरे, त्यापुढे भातशेते आणि सर्वांत शेवटी नदीकाठची खाजने. ही एक उतरंड आहे. वरचे भांडे फुटले तर खालच्याची धडगत नसते.

सड्यावरील जागा पाहून आमचे स्नेही हरखून गेले. वारा भन्नाट, दृष्टी जाईल तेथवर मोकळे आकाश. वैशाखात जो कातळ तव्यासारखा तापतो, तोच त्या दिवशी फुलांनी भरून गेला होता. जांभळ्या रंगाची सीतेची आसवे, पांढऱ्या गेंदांचे ताटवे आणि पानांवरील चिकट थेंबांनी कीटक धरणारी इवलीशी दवबिंदूची रोपे आम्ही गुडघे टेकून पाहिली. मातीत पोषण फारच थोडे, म्हणून यांतील काही वनस्पती कीटकांवर गुजराण करतात. टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होत्या. उन्हाळ्यात त्या उघड्या कातळावरच अंडी घालतात. जागा दाखविणारे दलाल मात्र या साऱ्याला ‘पडीक जमीन’ म्हणत होते.

पडीक या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ अनर्थ केला आहे. जांभा दगड वरून कठीण दिसला तरी त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावर पडलेल्या पावसातील काही भाग फटींतून, छिद्रांतून खाली झिरपतो, तळाच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि त्या थराच्या कलाने सरकत सरकत उताराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने प्रकट होतो. ‘वर कोणी राहत नाही म्हणून खाली पाणी आहे, मास्तर,’ एवढेच आमचे वाटाडे म्हणाले. भूगोलाच्या तासाला आम्ही जे अर्धा तास समजावीत आलो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

जमिनीची अशी पारख मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत कायद्यानेच सक्तीची आहे. तरीही ती कशी होते, याचे उदाहरण याच सड्यावर घडले. मोपा विमानतळास २०१५ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली होती. परिसरातील वने, झाडे व संवेदनशील क्षेत्रे यांची आवश्यक माहिती अर्जात नीट दिली नाही, असा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीस फेरविचार करावयास सांगितले. पुढे जानेवारी २०२० मध्ये अधिक अटी घालून स्थगिती उठविण्यात आली आणि विमानतळ उभा राहिला. विमानतळ हवा की नको, हा वाद येथे आमचा विषय नाही. आम्हांस त्यातून एवढाच बोध घ्यावासा वाटतो की, जागेवर काय आहे हे आधी प्रामाणिकपणे लिहून काढणे, ही कोणत्याही बांधकामाची पहिली पायरी होय. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकाम असेल तरच इमारतीस अशी मंजुरी लागते. तीनशे मीटरांचा भूखंड घेणाऱ्यास कोणी विचारीत नाही. म्हणून त्याने स्वतःच स्वतःला विचारले पाहिजे.

दुसरी जागा उतारावरची. तेथून शापोऱ्याचे पात्र चंदेरी पट्ट्यासारखे दिसत होते आणि किंमत त्या देखाव्याचीच होती. आम्ही बरोबर पारदर्शक नळी नेली होती. तीत पाणी भरून दोन टोकांच्या पातळ्या जुळविल्या की उतार मोजता येतो. गवंडी हेच करतात. चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटरहून अधिक चढ असेल, म्हणजे उतार पंचवीस टक्क्यांच्या वर असेल, तर तेथे घराचा विचार सोडून द्यावा. अशा ठिकाणी सपाटी करावयाची म्हणजे डोंगराचा पाय कापावयाचा. पावसाळ्यात आतील माती पाण्याने जड होते आणि पाय कापलेला डोंगर खाली येतो. डोंगर कापण्यास व सखल जमीन बुजविण्यास परवानगी लागेल, असे कलम १९९७ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात घालण्यात आले, ते काही उगाच नव्हे.

त्या जागेच्या एका कोपऱ्यात केवड्याचे बन होते. वाटाड्यांनी काठीने तेथील पालापाचोळा बाजूला सारला, तो खालून स्वच्छ पाण्याची धार निघाली. हाच झरा खालच्या वाड्यातील विहिरींना आणि पोफळींना पाणी पुरवितो. कुंपण घालणारा तो आपल्या मालकीचा समजेल, पण पिणारी घरे खाली आहेत. शिवाय घर उभे राहिले की त्याचे सांडपाणीही उताराच्या वाटेनेच जाणार. झऱ्याच्या तोंडाशी शौचकूप खणणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत घाण ओतणे होय, मग कागदपत्रे कितीही निर्दोष असोत.

तिसरी जागा सर्वांत स्वस्त होती. रस्त्याला लागून, सपाट, लाल मातीचा भराव टाकून तयार ठेवलेली. भरावाच्या कडेला उभे राहून पाहिले तेव्हा तिची खरी ओळख पटली. ते खाजन होते.

आपल्या पूर्वजांनी नदीमुखाशी केलेल्या या रचनेचे वर्णन आम्ही वर्गात करतो, तेव्हा मुलांचे डोळे विस्फारतात. भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असलेली ही जमीन माती, गवत व जांभ्या दगडाचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेली आहे. बांधात ‘मानस’ नावाचे दार असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने त्याच्या लाकडी फळ्या आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मानशीच्या आतील खोलगट तळे ते ‘पोंय’. त्यातील मासळीच्या लिलावाचे उत्पन्न गावाच्या कामी येई. पावसाने मातीतील खार धुऊन निघाला की कोरगुटासारखे, खारटपणा सोसणारे भात पिकते. गावकरी संस्थेने शतकानुशतके ही व्यवस्था सांभाळली. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते.

आता यातील मर्म पाहा. आषाढ-श्रावणात अमावास्येचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर मानशीचे दार काही तास मिटलेलेच राहते. सडा, उतार, वाडा या सर्वांवरून धावत आलेले पाणी तेवढा वेळ खाजनात थांबते आणि ओहोटीबरोबर निघून जाते. खाजन म्हणजे गावाने पाण्यासाठी राखून ठेवलेली ओसरी आहे. तीवर भराव टाकला की पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या शेतात, नाही तर वाड्यातील घरांत शिरते. भरावाखालची मऊ गाळमाती वर्षानुवर्षे दबत राहते, भिंतींना तडे जातात आणि विहीर खोदली तर खारट लागते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे रक्षण करावे व तेथे विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले, ते याच कारणास्तव. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास हस्तांतरित करण्यावर राज्यानेही २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातला आहे.

भरावाच्या खालच्या अंगाला तिवरांची कोवळी रोपे पुन्हा डोके वर काढीत होती. तिवर उगवतो तेथे भरतीचे पाणी पोहोचते, ही साक्ष कोणताही दलाल खोटी पाडू शकत नाही.

कागदांविषयी थोडेसे. एक-चौदाचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि नगरनियोजन खात्याचा विभागदाखला या तिन्ही गोष्टी घ्याव्यातच. पण त्यांतील नावेही वाचावीत. शेताच्या नावात खाजन, आगर, झर, तळे, पोंय असा शब्द आला, तर तेथे थांबून विचारावे. शापोऱ्याकाठी आगरवाडा आहे आणि तेथे मिठागरे आहेत. नावे देणाऱ्यांनी नावे डोळसपणे दिली होती. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांस विचारावे की, मोठ्या पावसात पाणी कोठवर येते. त्यांचे बोट ज्या पायरीकडे जाईल, तिच्याखाली जोते घेऊ नये.

आणि जागा दोनदा पाहावी. दलाल बहुधा हिवाळ्यात नेतो. तेव्हा पूर दिसत नाही आणि टंचाईही दिसत नाही. आम्ही पुन्हा वैशाखात गेलो. सड्यावरील कातळ भाजत होता, भोवतालच्या नव्या घरांना टँकरचे पाणी येत होते. उतारावरचा झरा बारीक झाला होता, पण वाहत होता. खाजनात भरावाच्या कडेने मिठाचे पांढरे पापुद्रे साचले होते. पायथ्याच्या जुन्या वाड्यातील विहिरीत मात्र दोर सोडला, तो तीन पुरुष पाणी लागले.

तेव्हा आमच्या स्नेह्यांनी जो प्रश्न केला, तोच या सर्व खटाटोपाचे सार होय. ते म्हणाले, ‘जुनी घरे सगळी या पायथ्याच्या पट्ट्यातच का?’ सड्यावर वारा होता, नदीकाठी सपाटी होती, तरी पूर्वजांनी घरे मध्येच बांधली. सडा पावसासाठी आणि गुरांसाठी ठेवला, उतार झाडांसाठी, खाजन भातासाठी आणि पुरासाठी. जमिनीची पारख त्यांनी केव्हाच करून ठेवली आहे. आपण ती वाचावयाची आहे.

आमच्या स्नेह्यांनी तिन्ही जागा सोडल्या. त्याच वाड्यात एक पडके घर, जोते व विहिरीसह, विकावयाचे होते. त्याचे कागद तपासण्याचे काम सध्या चालू आहे. देखावा तेथून दिसत नाही, जागाही लहान आहे, आणि भाऊबंदांच्या सह्या गोळा करावयास काही महिने लागतील. पण घराच्या मागील दारी फणसाचे जुने झाड आहे, विहिरीस बाराही महिने गोडे पाणी आहे, आणि त्या घरात राहावयास गेल्याने कोणाचे पाणी तुटणार नाही की कोणाच्या दारात पाणी शिरणार नाही. आयुष्याची पुंजी घालताना याहून अधिक खात्री कोणता भूखंड देऊ शकेल?