एकाच जुडीचे राज्य

गेल्या दिवाळीत माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने फटाक्यांऐवजी पोकेमॉनचे पत्ते मागितले. धूर टळला या आनंदात मी त्याच्या यादीतले सारे पत्ते, किंमत न पाहता, घेऊन दिले. अडाजणमधील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी पाच मुलांचा अड्डा जमत असे. कुणाची जुडी अग्नीची, कुणाची पाण्याची, कुणाची विजेची. महिन्याभरात नातू सगळे डाव जिंकू लागला आणि पुढच्या महिन्यात बाकड्यावर एकटाच बसलेला दिसू लागला. वरच्या मजल्यावरच्या मुलाला कारण विचारले, तर तो म्हणाला, ‘‘दादा, एज जीते छे. पछी रमवानुं शुं?’’

शासकीय सेवेत माझी बरीच वर्षे निविदा उघडण्यात गेली. एकच निविदा आली की, दर कितीही चांगला असला तरी, ‘स्पर्धा झाली नाही, फेरनिविदा काढावी’ असा शेरा मी कितीदा तरी मारला आहे. घरात मात्र मीच एकाच निविदेला मंजुरी देऊन बसलो होतो.

मग चष्मा लावून मी त्या खेळाचे नियम समजून घेतले. जुडी बरोबर साठ पत्त्यांची. ती ज्याने त्याने आपल्या अकलेने रचायची. ऊर्जेचे मूळ पत्ते सोडले, तर एका नावाचे चारच पत्ते चालतात. गवताच्या प्राण्याला बहुधा आगीचा मारा दुप्पट लागतो, आगीच्या प्राण्याला पाण्याचा. नावापुढे ‘ईएक्स’ असलेला बलवान पत्ता चीत झाला, तर समोरच्याला एकाऐवजी दोन बक्षीसपत्ते मिळतात. म्हणजे बळाची किंमत नियमांतच लावून ठेवलेली आहे.

हे शहाणपण सुरुवातीपासूनचे नव्हते. या जातीच्या खेळांचा आरंभ 1993 साली अमेरिकेत ‘मॅजिक’ या खेळाने झाला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिती. आरंभी एकच पत्ता हवा तितक्या वेळा घालता येई. लोकांनी तसे केलेही. मग चारांची मर्यादा आली. तरी 2005 साली एकाच धाटणीच्या जुडीने स्पर्धा व्यापल्या, तेव्हा चालकांना आठ पत्ते एकदम बाद करावे लागले. ज्यांनी पैसे मोजून ते घेतले होते ते हळहळले असतीलच; पण खेळणारेच उरले नसते, तर त्या पत्त्यांचे मोल रद्दीइतकेच झाले असते.

एका रात्री मी कपाटातून सावंतवाडीची गंजिफा काढून नातवापुढे ठेवली. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही मावळती कला राजवाड्यात पुन्हा जगवली. तिथल्या भेटीत मी हा संच घेतला होता. दशावताराचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा गोल पत्ते, एकूण एकशेवीस. पाच रंगांत दहा मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. नातू बराच वेळ पत्ते चाळत राहिला. मग म्हणाला, ‘‘आजोबा, म्हणजे इथे लहान पत्त्यालाही कुठेतरी मोठं होता येतं.’’ मला एवढे नेटके सांगता आले नसते.

‘‘पण तुझी जुडी मीच बिघडवली,’’ मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः दारोदार जाऊन मुलांना बोलावून आला. नियम त्यानेच सुचवला : जिंकणाऱ्याने पुढचा डाव हरणाऱ्याच्या जुडीने खेळायचा. त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मुलाची गवताची जुडी घेऊन तो लागोपाठ तीन डाव हरला. तोंड उतरले होते. पण घरी येताच कागद घेऊन ती जुडी कशी सुधारता येईल, ते लिहीत बसला. दुसऱ्याच्या दुबळ्या पत्त्यांचा विचार त्याने पहिल्यांदाच केला असावा. हल्ली जिन्यात कधी कधी भांडणेही ऐकू येतात. ती मला गोड वाटतात. कारण ज्याचा निकाल आधी ठरलेला असतो, त्यावर कुणी भांडत नाही.

अड्डा पुन्हा भरतो. मात्र पाचांपैकी चौघेच असतात. पाचव्याने आपले पत्ते रद्दीवाल्याला देऊन टाकले होते, असे नंतर कळले. नातू त्याच्यासाठी आपल्या पत्त्यांतून एक साठांची जुडी रचतो आहे. दिवाळीत मी घेऊन दिलेल्या पत्त्यांपैकी दोन त्याने तिच्यात घातले आहेत. परवा मला त्याने विचारले, ‘‘तो घेईल ना?’’ या प्रश्नावर कोणता शेरा मारावा, ते मला अजून सुचलेले नाही.