रैनबसेरा उभारू पाहणाऱ्या पुतण्यास

मु. पो. सौंसर, जि. पांढुर्णा
मार्गशीर्ष अमावास्या



पत्र मिळाले, मजकूर समजला. नागपूरच्या रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, मित्रमंडळी रात्रीची सेवा करतात, तसे काही पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांत हिवाळ्यापुरते तरी सुरू करावे, हा चिरंजीवाचा विचार घरात सर्वांना आवडला. मात्र ब्लँकेटे किती घ्यावीत आणि कोठे वाटावीत, एवढेच पत्रात विचारले आहे, आणि काकांच्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधीचे प्रश्न मोठे असल्यामुळे उत्तर लांबले आहे.

बेघर कोणाला म्हणायचे, हे प्रथम ठरवावे लागते. घर म्हणता येईल अशा ठिकाणी न राहता जे रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत, देवळाच्या उघड्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, ते जनगणनेच्या लेखी बेघर होत. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मोजणी झाली आणि देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे नोंदली गेली, त्यांपैकी नऊ लाखांहून अधिक शहरांतली होती. एका रात्रीच्या मोजणीत तोच सापडतो, जो मोजणाऱ्याला बेघर म्हणून ओळखू येतो. मोठ्या शहराच्या पदपथावर तो ओळखू येतोही. परंतु पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणी त्याला आधीच दुसरे नाव मिळालेले असते. फलाटावर तो प्रवासी, संत्र्याच्या मंडीत तो मजूर, जामसावळीच्या देवळात तो भक्त. त्यामुळे आपल्याकडे बेघर नाहीतच, असे गावातली जाणती माणसेही मनापासून सांगतात, आणि त्यांच्या नजरेने पाहिले तर त्यात खोटे काही नसते.

पांढुर्णा बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरते, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेपुरतेच, ठाऊक असते. प्रत्यक्षात ते नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे आणि नागपूर-बैतूल महामार्गावरचे संत्र्याचे गाव आहे. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलून दिवाळीच्या मागेपुढे उतरणारे पीक, आणि त्यानंतर मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी फुलून फेब्रुवारी-मार्चात हाती येणारे पीक, अशा दोन तोडींसाठी सातपुड्याच्या वरच्या भागातून गोंड आणि कोरकू कुटुंबे घाट उतरून येतात. मळ्यात छपरी मिळाली तर रात्र निभावते. एक ठेका संपून दुसरा मिळेपर्यंतच्या रात्री मात्र उघड्यावर जातात. या माणसाला घर आहे, पण ते दूर डोंगरात आहे आणि थंडी येथे आहे. त्याला निवारा दोन-चार रात्रींपुरता लागतो आणि तो बायको-मुलांसह लागतो. पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी अशी विभागणी करणाऱ्या निवाऱ्यात तो पाऊल ठेवणार नाही, कारण कुटुंब फोडून झोपण्यापेक्षा त्याला मंडीची भिंत बरी वाटते. निवाऱ्याची जागा पाहण्यापूर्वी एवढे एक ध्यानात घेतले, तरी निम्मी चूक टळेल.

जामसावळीची गोष्ट याहून अवघड आहे. सौंसरजवळच्या या देवस्थानात पिंपळाखाली मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. मंगळवार-शनिवारी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतून गर्दी लोटते आणि दुखण्याने पिचलेली, विशेषतः मनाच्या आजाराची, माणसे बरे होण्याच्या आशेने कित्येक दिवस मुक्कामाला राहतात. त्यांच्या श्रद्धेवर टीका करण्याचे काम स्वयंसेवकाचे नव्हे. ज्या आईने मुलाला तेथवर आणले, तिने बहुधा आधी दवाखाने पालथे घातलेले असतात. परंतु अशा कोणत्याही ठिकाणी पैसे संपतात, सोबतचा माणूस कामासाठी परत जातो आणि रुग्ण मागे राहतो, तेव्हा भक्त आणि बेघर यांच्यातले अंतर एका रात्रीत मिटते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसपासच्या एका खासगी आश्रमाला आग लागून साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले, ते याच अंतरात सापडलेले लोक होते.

त्यानंतर कायदा पुष्कळ पुढे आला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत पोचवणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. ते गुन्हेगाराला धरून नेणे नव्हे. अडचण भूगोलाची आहे. मध्य प्रदेशची सरकारी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला, तर प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, म्हणजे सौंसरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. १९५६ साली आखलेली सीमा रुग्णाला दिसत नाही, कागदाला मात्र दिसते. येथे सीमेवरच्या स्वयंसेवकाजवळ एक गोष्ट अशी आहे, जी महानगरातल्या संस्थांना प्रयासाने मिळवावी लागते. डॉ. भरत वाटवानी यांना रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवण्याच्या ज्या कार्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या कर्जतच्या कामात उपचाराइतकेच महत्त्व आहे ते रुग्णाच्या तोंडून गावाचे नाव काढण्याला, आणि ते नाव त्याच्याच बोलीत विचारले तर निघते. सौंसरचा पोर मराठी, हिंदी आणि थोडीफार गोंडी घरबसल्या शिकतो. वऱ्हाडातून आलेल्या बाईला तिच्याच बोलीत ‘कोन्या गावची व माय?’ असे विचारणारा माणूस रात्री दहा वाजता तेथे हजर असणे, हे शंभर ब्लँकेटांहून अधिक मोलाचे आहे.

आता शासनाकडे वळावे. दिल्लीत २००९ च्या डिसेंबरात पुसा रोडवरचा तंबूचा निवारा पाडला गेल्यानंतर, अन्नाच्या हक्कासाठी २००१ पासून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे आदेश दिले, त्यांतून दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास उघडा असा एक निवारा हा दंडक रुजला आणि २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने तो योजनेत घेतला. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय, आणि राहणाऱ्याला ओळखपत्र, रेशन, पेन्शन अशा हक्कांशी जोडून देणे, हे सारे त्यात होते, म्हणजे निवारा हा माणसाचा पत्ता व्हावा अशी कल्पना होती. पण लाखाच्या हिशेबात लहान गावे बसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा ४५ हजारांच्या आसपास होते. सौंसर त्याहून लहान. दोन्हींची बेरीज केली तरी लाख भरत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण म्हणून मागणी करायला निदान आधार मिळाला आहे, आणि ती मागणी हिंदीत, नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नावे, लेखी करावी.

निवाऱ्याच्या खोल्या आधी कोणासाठी, हे ठरवायला जुना धडा आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती अस्पृश्य वारकऱ्यांसाठी, कारण इतर धर्मशाळांची दारे त्यांना बंद होती; मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बांधली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. जागा कोणाला मिळत नाही हे आधी पाहायचे आणि त्याच्यासाठी बांधायचे, असा त्यांचा क्रम होता. तोच क्रम येथे लावला, तर पहिली खोली रुग्णाजवळ जागणाऱ्या आईसाठी आणि दुसरी तोडीच्या कुटुंबासाठी हवी, हे आपोआप ठरते.

उरला प्रत्यक्ष रात्रीचा प्रश्न. निवाऱ्यात माणसे आठ ते दहाच्या दरम्यान येतात, आणि त्यांतली पुष्कळशी चपला दाराशी न काढता उशाशी घेतात, कारण चपला गेल्या तर सकाळी कामाला उभे करून घेत नाहीत. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून झोपणाराही असतो. तेथे चपला बाहेर काढण्याचा नियम लावणाऱ्याने आधी त्या सांभाळण्याची सोय करावी. नोंदवहीत नाव, गाव आणि घरच्या कोणाचा तरी दूरध्वनी विचारावा, पण आधार कार्ड नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. पहिल्या रात्री खोटे नाव सांगणारा माणूस चार-आठ दिवसांनी खरे सांगतो, जर विचारणारा माणूस तोच असेल. दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढणे हा अनेकांचा आग्रह असतो आणि तो प्राणघातक आहे: दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी शरीरातली ऊब झपाट्याने निघून जाते. त्याला इतरांपासून दूर, पण आत, कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तरी श्वास कोंडत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस मारतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्याची थुंकी तपासायला सकाळी सरकारी दवाखान्यात कोणीतरी सोबत जावे. नुसती चिठ्ठी देऊन तो जात नाही.

ब्लँकेट वाटणारा माणूस वाटून परत जातो, छायाचित्र निघते, आणि पहाटे तीनला खोकल्याने उठून बसलेल्या म्हाताऱ्याला ते कोणी दिले हेही आठवत नाही. दान खोटे नाही, पण निवाऱ्याला दात्यांपेक्षा जागणाऱ्यांची टंचाई अधिक असते. म्हणून चिरंजीवाने मित्रांना ब्लँकेटांसाठी वर्गणी विचारण्याआधी आठवड्यातली एक ठरलेली रात्र विचारावी. माणूस तोच, वार तोच, आणि संक्रांतीनंतर उत्साह ओसरला तरी तोच. जितक्या रात्रींना माणसे मिळतील तितक्याच रात्री दार उघडावे, आणि जितक्या खाटा मांडता येतील तितकीच ब्लँकेटे आणावीत. सध्या त्यांचा आकडा सांगण्यात अर्थ नाही.

पौषात येथे पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, तेव्हा अर्ज लगेच पोचला पाहिजे. मसुदा काकूंनी हिंदीत करून ठेवला आहे, सह्या तेवढ्या हव्यात. घरी सर्व कुशल. येताना मित्रांपैकी कोणाला गोंडी नीट येत असेल तर त्याला सोबत आणावे.

काकांचे आशीर्वाद.