चेंडू फेकणारा हात

तिसरी-चौथीच्या वर्गाचा खेळाचा तास आपण कधी कुंपणाबाहेर उभे राहून पाहिला आहे काय? चेंडू फेकण्यात मुलगे बहुधा पुढे असतात. तोल सांभाळण्यात, एका पायावर उड्या मारण्यात मुली त्यांच्या बरोबरीच्या, कित्येकदा सरसही ठरतात. देशोदेशींच्या प्राथमिक शाळांतील पाहण्यांचा कलही साधारण असाच आहे. यावरून ‘मुलीचा हातच तसा’ असे आपण चटकन ठरवून मोकळे होतो. मला ते पटत नाही.

वयात येण्याचा काळ मुलींत साधारण ८ ते १३, मुलांत ९ ते १४ वर्षांचा. त्यापूर्वी दोघांच्या उंचीत आणि स्नायूंच्या बळात फरक थोडाच असतो. मग फेकीत एवढे अंतर कोठून पडते? आपल्या उजखुऱ्या मुलाला डाव्या हाताने चेंडू फेकायला सांगून पाहा. तो छाती समोर करून उभा राहील, कंबर वळणार नाही, नुसत्या कोपरातून चेंडू ढकलील. ज्या फेकीला आपण ‘मुलीसारखी’ म्हणून हसतो, ती हीच! शरीर तेच आहे. त्या हाताला सराव नाही. सारेच अंतर सरावाचे असे मी म्हणणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच.

आपल्या खेळांची वाटणीच पाहा. लंगडी, ठिक्कर, दोरीच्या उड्या मुलींकडे. विटीदांडू आणि क्रिकेट मुलांकडे. सागरगोटे वरच्यावर झेलणाऱ्या मुलीच्या हाताचा आणि नजरेचा मेळ यष्टिरक्षकालाही हेवा वाटावा असा. परंतु त्या खेळात खांद्याला काम नसते.

गेल्या पावसाळ्यात एक आई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. “डॉक्टर, हिला चेंडू येत नाही, मुलं हसतात. पी.टी.तून सूट मिळेल असं सर्टिफिकेट द्या.” मुलगी ठणठणीत होती. मी प्रमाणपत्र दिले नाही. जुन्या मोज्यांचा चेंडू करा, रोज दहा मिनिटे भिंतीवर फेकू द्या. उभे राहायचे आडवे, आणि फेकणारा हात उजवा तर पुढे पाऊल डावे, एवढे सांगितले. बाई काहीशा रागावूनच गेल्या. पण ज्या मुलीला खेळ जमत नाही ती मैदानापासून दूर राहते, आणि दूर राहिल्याने तो कधीच जमत नाही. हाडे भक्कम होण्याची वर्षे नेमकी हीच. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते, ती मुलगे आणि मुली दोघांनाही.

सरावाने सारेच सुटते असे मात्र नाही. चार-पाच वर्षांचे मूल, विशेषतः मुलगा, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठत असेल, वारंवार पडत असेल, किंवा पूर्वी सहज चढणारा जिना आता त्याला चढवत नसेल, तर त्याला धांदरट म्हणू नका. त्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.