चमचाभर तेल

आहाराची पाहणी करणाऱ्यांच्या पिशवीत वाट्या असतात. ठरलेल्या मापाच्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्या समोर मांडायच्या आणि विचारायचं, काल सकाळपासून काय काय खाल्लं आणि कुठल्या वाटीनं. या पद्धतीला चोवीस तासांची आठवण म्हणतात. एकदा जव्हारकडे अशा पाहणीबरोबर गेलो होतो, नुसता वही धरायला. एका घरातली बाई म्हणाली, "भात, डाळ." वही मिटली. निघताना पडवीत टोपलीखाली काहीतरी खुडबुडलं. मुठे होते, शेतातले खेकडे. "हे लिहायला नको का?" तर ती हसली. "ते काय जेवण हाय? पोरा धरून आणतात."

गुरांमागे गेलेलं पोर करवंदं खातं, आवळे खातं, कुणाच्या बांधावरची काकडी खातं. यातलं काहीच वाटीनं खाल्लेलं नसतं. कातकरी माणूस शेतातला उंदीर खातो हे सगळ्या कोकणाला ठाऊक आहे, पण वही घेऊन आलेल्या परक्याला तो ते कशाला सांगेल? त्यावरून आजवर त्याला हिणवलंच गेलंय.

*

दिवस कुठला निवडला यावरही सगळं अवलंबून. मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर विचारलंत तर एक घर, आषाढात विचारलंत तर दुसरंच. कणगी रिकामी, मजुरी लावणीपुरती, नवं भात यायला तीन महिने. या दिवसांसाठी सरकारदरबारी स्वतंत्र शब्दच आहे: खावटी. आदिवासी विकास महामंडळाचं खावटी कर्ज १९७८ पासून कित्येक वर्षं चाललं. उपासमारीचा महिना आधीच ठाऊक असावा आणि त्याला योजनेचं नाव असावं, हे विचित्र आहे. पण शब्द खरा आहे. शेतीला नाही, बियाण्याला नाही, खायला.

*

नाचणी. शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम साडेसात. हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यातले. त्यात ५२८ पदार्थ आहेत. संस्थेचं मूळ १९१८ सालचं, कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी मांडलेली एक खोली.

याच संस्थेचं आजचं आदर्श ताट सांगतं: रोज ३०० मिलिलिटर दूध. अनेक आदिवासी जमातींत गाईचं दूध काढायची रीतच नव्हती, ते वासराचं. त्यांचं कॅल्शियम नाचणीतून, मुठ्यांतून, काट्यासकट चावून खाल्लेल्या बारक्या मासळीतून यायचं. नाचणीची वरकस जमीन गेली, ओढ्यातली मासळी आटली, आणि आता सल्ला दुधाचा. दूध वाईट नाही. पण ते कुठून आणायचं, हे ताटावर लिहिलेलं नाही.

*

मुख्य गोष्ट तेलाची आहे.

पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो. मग कुरडू, लोत, भारंगी, करटुली, चाईचा मोहोर. शेवळं तर पावसाच्या आधीच. ती खाजतात म्हणून त्यात काकड नावाची रानफळं घालायची. इतक्या रानभाज्या शहरातल्या कुठल्याही मंडईत एका महिन्यात दिसणार नाहीत. दरवर्षी ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला रानभाज्या महोत्सव भरतात, तिथे फलकावर लिहिलेलं असतं: जीवनसत्त्व 'अ'ने समृद्ध.

खरं आहे, अर्ध्यापुरतं. हिरव्या पाल्यात जे असतं ते कॅरोटीन. त्याचं जीवनसत्त्व शरीरात होतं, आणि ते आतड्यातून रक्तात शिरायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. पाण्यात मीठ-मिरची घालून शिजवलेल्या टाकळ्यातलं कॅरोटीन बरंचसं आलं तसं निघून जातं. म्हणजे जंगल भाजी देतं, पण ती अंगी लागायची की नाही हे तेलाची बाटली ठरवते. महोत्सवात मात्र हीच भाजी खोबरं, लसूण आणि सढळ फोडणी घालून चाखायला देतात. चव लागणारच.

पोषण संस्थेच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल आहे, साधारण सहा चहाचे चमचे. पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो होतं. पाड्यावरच्या दुकानात पाच-दहा रुपयांचं तेल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मिळतं. त्या गाठीत किती दिवस निघतात याचा हिशेब वाचकानं करावा.

*

लहान मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्यात तांदळाची पेज ओतली की पोट भरतं, पण भरतं ते पाण्यानं. दोन तासांनी पोर पुन्हा रडतं, आणि आई तेव्हा लावणीला गेलेली असते. पेज घट्ट केली तर गिळता येत नाही. यावर दोन उपाय. एक, त्यात चमचाभर तेल: चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, आकार न वाढवता. दुसरा, नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ते पीठ घालायचं. मोडातला पाचक रस पिठूळपणा फोडतो, त्यामुळे जास्त पीठ घालूनही पेज पातळ राहते. आपल्या आज्या याला सत्त्व म्हणत. त्यांना रसायन ठाऊक नव्हतं, पोर किती वेळ झोपलं ते ठाऊक होतं.

*

अशी रीत हरवली की काय होतं, ते मक्यानं दाखवलं. मका अमेरिका खंडातून युरोपात गेला. तिथले मूळ रहिवासी तो चुन्याच्या पाण्यात शिजवत, ती रीत मात्र मागेच राहिली. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागत नाही. पुढे इटली-स्पेनमध्ये, मग अमेरिकेच्या दक्षिणेत, मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रानं ग्रासलं. कातडी जळाल्यासारखी, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम.

आपल्याकडे कडू करांदे. काप करून राखेच्या पाण्यात उकळायचे, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, मग खायचे. तक्त्यात करांदा येईल, राख आणि ओढा येणार नाही.

*

आणि जुनं ते सगळं चांगलं, असंही नाही. पेलाग्रा दख्खनवरही होता, नुसत्या ज्वारीवर राबणाऱ्या मजुरांत. हैदराबादला सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर बोट ठेवलं. ज्वारीतल्या ल्यूसिनवर त्यांचा संशय होता. ज्वारीसोबत डाळ, दूध, मटण असलेल्यांना काही होत नव्हतं. दोष भाकरीत कमी आणि ताटात एकटी भाकरी असण्यात जास्त.

*

जगभरच्या मूळनिवासी समाजांचे आहार एकत्र अभ्यासण्याचा एक प्रकल्प कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या केंद्रानं चालवला. बारा समाज निवडले: इनुइट, मसाई, ऐनू वगैरे. त्यात भारतातले दोन: जहिराबादकडचे दलित शेतकरी आणि डांगचे भिल्ल. डांग म्हणजे आपल्या सुरगाण्याच्या पलीकडचा डोंगर. सरहद्द कागदावर; भाषा, नाचणी आणि भूक दोन्हीकडे सारखीच.

*

जुन्या आहाराकडे परतलं तर काय होतं, याचा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग. डर्बी गावाजवळच्या दहा मधुमेही आदिवासींना घेऊन केरिन ओडी यांनी सात आठवडे रानात मुक्काम केला. खाणं मुख्यतः शिकारीचं, मासळीचं, कंदांचं. वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं, रक्तातली साखर खूपच खाली आली. १९८४ मध्ये हे छापून आलं आणि आजही दाखला म्हणून दिलं जातं. देणारे दोन गोष्टी विसरतात. त्या दहा जणांना शिकार येत होती. आणि शिकार करायला रान शिल्लक होतं. शिवाय त्यांचं दुखणं पीठ, साखर, चरबी यांच्या अतिरेकाचं. मोखाड्याच्या बाईला चरबी कमी करायला सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय.

*

रेशन. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, दिवसाला १६७ ग्रॅम, सुमारे ६०० कॅलरी. यानं माणसं वाचली, हे आधी कबूल करावं. रेशनला नावं ठेवणारे लेख बहुतेक पोटभर जेवून लिहिलेले असतात. पण त्यात तेल नाही. २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' निघाला तेव्हा शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल मिळालं. सणापुरतं.

*

तेल पूर्वी घरचं होतं. ते ज्या पिकाचं, त्याला नाशिक-ठाण्याच्या डोंगरात खुरासणी म्हणतात, देशावर कारळे. भाद्रपद-आश्विनात उतारच्या उतार पिवळे होतात. बी काळं, बारीक. तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेल. खुरपणी फारशी लागत नाही, हलकी जमीन चालते. बी भाजून तिखट-मिठाबरोबर कुटलं की चटणी, घाण्यावर नेलं की वर्षाचं तेल, शिवाय पेंड गुरांना. मोहाच्या बियांचंही तेल निघायचं. गावातला घाणा बंद पडला तशी खुरासणी विकायलाच पिकू लागली. व्यापारी पोती नेतो, आणि त्या पैशातून पिशवीतलं तेल येतं.

खुरासणी परदेशीही जाते. अमेरिकेत ती परसात येणाऱ्या पाखरांना घालतात. तिकडे पोचायला एक अट आहे: बी तापवून घ्यावं लागतं, म्हणजे ते किंवा त्यातलं तण तिथल्या मातीत उगवणार नाही.