कोबेतील सुतारांची हत्यारे

जपानमधील कोबे शहरात शिन-कोबे स्थानकावर बुलेट गाडीतून उतरून थोडे चालले की ताकेनाका हे सुतारी हत्यारांचे संग्रहालय लागते. १९८४ साली ते सुरू झाले आणि २०१४ पासून या जागी आहे. आम्ही तिघेजण आत शिरलो आणि वाद सुरू झाला. चांगले हत्यार ओळखायचे कसे?

एकजण म्हणाला, करवत पाहा. जपानी करवत ओढताना कापते. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही. म्हणून ते पातळ ठेवता येते. दुसऱ्याचे मत पटाशीकडे. धारेला कडक पोलाद, त्यामागे मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेले. सगळेच कडक असते तर दगडावर धार लावण्यात सुताराचा दिवस गेला असता! हल्ली पाते बदलायच्या करवती मिळतात. त्या धारदार आणि स्वस्त असतात. दात बोथट झाले की मात्र पाते फेकायचे, कारण त्यांवर कानस चालत नाही.

१९४३ साली तोक्योत पाहणी झाली, तेव्हा एका सुताराची १७९ हत्यारे नोंदली गेली. पात्यावर लोहाराची खूण असते; ते वापरणाऱ्या सुताराचे नाव सहसा कुठेच नसते.

वाचकहो, उत्तम हत्यार रोज घासले जाते आणि झिजून संपते. ती नाहीशी होऊ नयेत म्हणूनच हे संग्रहालय निघाले. त्यामुळे काचेआड पूर्ण लांबीची, चकचकीत पटाशी दिसली की आम्हाला शंका येई, हिने काम तरी किती केले असेल?